कोमट मिठाचं पाणी

नाबर सरांचा थर्मास मी उघडला तो चहाच्या आशेनं. घाटाच्या माथ्यावर एका टपरीपाशी त्यांची फियाट उभी होती. सर वडे आणायला उतरले होते. मागच्या सीटवर आई पदराचा बोळा नाकाशी धरून डोळे मिटून पडली होती. घाटाची वळणं तिला कधीच सोसली नाहीत. मला खोकल्याची उबळ आली, घसा कोरडा पडला. सरांची कॅनव्हासची पिशवी माझ्या पायाशीच होती आणि तिच्यातून थर्मासचं लाल झाकण डोकावत होतं. सरांच्या वस्तूला हात लावायला मला परवानगी लागत नसे. मी झाकणात ओतलं आणि मोठा घोट घेतला.

चहा कसला, कोमट मिठाचं पाणी होतं.

खिडकीतून थुंकले. काकूंनी, म्हणजे सरांच्या बायकोनं, गुळण्यांसाठी दिलं असेल असं वाटलं. दुसरं काही प्यायला आहे का म्हणून पिशवीत हात घातला, तर मऊ फडक्यात गुंडाळलेल्या दोन काचा हाताला लागल्या. त्यांच्याखाली दोऱ्याचं रीळ होतं. त्याच्याखाली घट्ट बुचाची बाटली, बूच न काढताही आंबूस वास येणारी. मी हात बाहेर काढला आणि मांडीवर ठेवला. फाल्गुनातलं ऊन थेट अंगावर येत होतं, तरी मला थंडी वाजायला लागली.

ती पिशवी कशाची होती हे मला कुणी सांगायला नको होतं, कारण ती मीच कितीतरी वेळा भरली होती. पण तुम्हाला ते कळायचं तर मागं जायला हवं. गोष्ट सरळ सुतासारखी सांगणं मला जमत नाही, आमच्या वाडीत कुणालाच जमत नाही, तेव्हा जरा दम धरा.

आम्ही घाटावरच्या एका मोठ्या रुग्णालयात चाललो होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या उजव्या फुप्फुसाचा खालचा भाग कापून काढायचा होता. मी तेव्हा चोवीस वर्षांची होते. क्षय झालाय, औषधांना दाद देत नाही, तेवढा भाग काढला तर पोरगी वाचेल, असं ठरलं होतं. आईला ते पटवून दिलं होतं नाबर सरांनी, आणि आम्हाला स्वतःच्या गाडीतून घेऊन निघाले होते तेही नाबर सरच.

मी वसुधा शिवगण. राजापूरकडची. वडील मी चौथीत असताना गेले. आईनं काजूच्या कारखान्यात बिया फोडून मला शिकवलं; तिच्या बोटांवरचे काजूच्या तेलाचे डाग शेवटपर्यंत गेले नाहीत. तालुक्याच्या कॉलेजात प्राणिशास्त्राला डॉक्टर अच्युत नाबर होते. त्यांनी मला पहिल्यांदा सूक्ष्मदर्शकावर बसवलं, वसतिगृहाची खोली मिळवून दिली, इंग्रजी सुधारून घेतलं, एमएस्सीनंतर आपल्या हाताखाली संशोधनाला घेतलं. काकू मला सणाला साडी नेसवायच्या. वर्गातली मुलं मला ‘नाबरांची लेक’ म्हणून चिडवायची आणि मी वरवर रागवायची. मनातून किती सुख व्हायचं ते माझं मला ठाऊक. सरांनी मला घडवलं हे मी आजही नाकारत नाही, आणि माझा सगळा संताप तिथेच तर आहे.

आमचं काम होतं एका किड्यावर. फुप्फुसात राहणारा चपटा कृमी. चपटा म्हणतात खरं, पण असतो तो सालासकट शेंगदाण्याएवढा, रंगानंही तसाच तांबूस. ह्या मेल्याचा संसार ऐकाल तर थक्क व्हाल. उदमांजराच्या नाहीतर रानमांजराच्या फुप्फुसात हे जोडीनं घर करून राहतात. अंडी घातली की ती खोकल्याबरोबर घशात येतात, जनावर ती गिळतं, विष्ठेतून ती ओढ्यात जातात. पाण्यात अंड्याचं झाकण उघडतं. हो, ह्या अंड्याला झाकण असतं, डब्याला असतं तसं. आतून निघालेलं पिल्लू ओढ्यातली बारीक काळी गोगलगाय शोधतं आणि तिच्या अंगात शिरतं. तिथं एकाची शेकडो होतात. गोगलगायीतून बाहेर पडली की ती खेकड्यात घुसतात, आमच्याकडच्या मुठ्यांत, आणि कल्ल्यांत, डेंग्यांच्या म्हणजे नांग्यांच्या मांसात गोळी होऊन पडून राहतात. कधीतरी तो मुठा कुणीतरी कच्चा खाईल, मग आतडं भोकसून, पडदा फाडून, आपण पुन्हा फुप्फुसात जाऊ, ह्या एकाच आशेवर.

सरांचं म्हणणं होतं की आमच्या ओढ्यातला हा कृमी निराळ्याच जातीचा आहे, जगात कुणी नोंदवलेला नाही. पण जात ठरवायची तर हाती प्रौढ कृमी हवा. अंगावरचे काटे एकेकटे आहेत की झुबक्यांनी, अंडाशयाला फाटे किती, हे प्रौढातच दिसतं. अंड्यांवरून काही कळत नाही, सगळ्या भावंडांची अंडी सारखीच. आणि आमच्याकडे प्रौढ होता एकच, ट्रकखाली आलेल्या उदमांजरातून काढलेला. चाकानं तो इतका चपटा केला होता की सर म्हणायचे, ह्याला पाहून परीक्षक मलाच चपटा करतील.

म्हणून ती पिशवी. रस्त्यावर जनावर मेलंय असं कुणी सांगितलं की मी पिशवी भरायची आणि आम्ही फियाट पळवायचो. जिवंत कृमी बाहेर काढला की अंग आखडून घेतो. थंड पाण्यात अधिकच आखडतो, गरम पाण्यात मरतो. कोमट मिठाच्या पाण्यात मात्र सैल पडतो. म्हणून थर्मास. सैल पडला की दोन काचांच्या मध्ये ठेवायचा, हलका दाब द्यायचा, काचांना दोरा गुंडाळायचा आणि वरून बाटलीतलं औषध सोडायचं. मग तो आहे त्या आकारात कायमचा टिकतो. पाणी निघायच्या सकाळीच करून घ्यायचं, एका दिवसाहून शिळं चालत नाही, निवलं तर पुन्हा कोमट करायचं. हा सरांचा दंडक होता.

आता डेंग्यांचं सांगते. आषाढ-श्रावणात आम्ही मुठे गोळा करायला ओढ्यावर जायचो. मी लहानपणापासून मुठ्यांवर वाढलेली. मुठा दिसला आणि पोटात कावळे ओरडले नाहीत असं व्हायचं नाही. नमुने डब्यात भरून झाले की दोन-चार मोठे डेंगे मोडून घ्यायची, काटक्यांच्या जाळावर धरायची आणि दगडानं फोडून चोखायची. ओल्या काटक्यांचा जाळ तो कितीसा, आतलं मांस पुष्कळदा पारदर्शकच असायचं. दुपारी ह्याच मांसातल्या गोळ्या मी सुईनं वेचायची, आणि सकाळी तेच मांस चोखायची. शिक्षण डोक्यात असतं, जीभ गावची असते. एकदा मी सरांना म्हटलंही की सर, हे बरं नव्हे ना? ते दगडावर बसून बिडी ओढत होते. हसून म्हणाले, “जाळावर धरलंस ना? मेलं सगळं. खा तू.” मी त्यांच्यापुढे एक डेंगा धरला. त्यांनी पित्ताचं कारण सांगितलं. पित्त त्यांना होतंच, काकू नेहमी कोकमाचं सरबत करून ठेवायच्या. मी दोघांच्याही वाट्याचे खाल्ले.

नवरात्रात खोकला लागला. दिवाळीत बेडक्यात गंजासारखा रंग दिसला. वाडीत क्षयानं गेलेली माणसं मी पाहिली होती. डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला, उजवीकडे डाग होता. बेडका तपासायला हवा म्हणाले. सर म्हणाले, तू कशाला हिंडतेस, दे, मी पोचवतो प्रयोगशाळेत, ओळखीची आहे. मी डबी त्यांच्या हातात दिली. क्षयाचे जंतू सापडले नाहीत, पण फोटोत डाग, खोकल्यात रक्त, म्हटल्यावर डॉक्टर तरी काय करणार? गोळ्या सुरू झाल्या. लघवी लाल, डोळे पिवळे, जेवण पाहिलं की मळमळ. पुन्हा बेडका, पुन्हा सरच डबी घेऊन जायचे. महिन्यामागून महिने डाग तस्साच.

आणि तुम्ही विचाराल, बाई, तू तर त्याच किड्याची अभ्यासक, तुझ्या कसं ध्यानात आलं नाही? काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय. आमच्या भागात माणसात हा कृमी कधी कुणाला सापडलाच नव्हता. तो उदमांजराचा रोग होता. शिवाय मनात कधी शंका आलीच तर मी ती लगेच झटकायची, कारण तसं काही असतं तर सरांना आधी कळलं असतं. इतका साधा हिशेब होता माझा.

माझं लग्न ठरलं होतं. लांज्याच्या पाटण्यांचा मुलगा, शाळामास्तर, शांत स्वभावाचा. मला तो आवडला होता, आता लपवून काय करायचंय. मार्गशीर्षात पाटण्यांनी साखरपुड्याचा नारळ परत पाठवला. निरोप आणणारा माणूस ओटीवरसुद्धा चढला नाही, अंगणातूनच बोलला आणि नारळ पायरीवर ठेवून गेला. आईनं तो नारळ फोडलाही नाही, विहिरीमागं टाकून दिला. त्या दिवशी सर मुद्दाम वाडीत आले. आईला म्हणाले, “शिवगणबाई, ऑपरेशन करून टाकू. एकदा तो भाग निघाला की मुलगी सोन्यासारखी होईल. मी आहे.” आई कापाकापीला तयार नव्हती. सर तीनदा आले. घाटावरच्या सर्जनशी बोलणं त्यांनीच केलं, तारीख त्यांनीच घेतली.

शेवटी आई तयार झाली ती शिमग्यात. पालखी दारात आली तेव्हा तिनं गुरवाकडून गाऱ्हाणं घालून घेतलं. गुरव पालखीपुढे उभा राहून म्हणाला, बा देवा म्हाराजा, ह्या लेकराला बरं कर, आणि जे मास्तर तिच्यासाठी धावतायत त्या नाबर मास्तरांच्या हाताला यश दे. सगळी वाडी एका आवाजात ‘व्हय म्हाराजा’ म्हणाली. सरही तिथं होते. हात जोडून, मान खाली घालून. गाऱ्हाण्याचा नारळ आईनं त्यांच्या हातात दिला आणि वाकून नमस्कार केला. वयानं ती त्यांच्याहून मोठी होती. सरांनी तो नारळ गाडीत, पुढच्या काचेखाली ठेवला.

त्या दिवशी घाटातही तो तिथंच होता. मी मांडीवर हात ठेवून त्या नारळाकडे बघत बसले होते.

मेलेल्या जनावराकडे जाताना आम्ही ती पिशवी न्यायचो. आजारी माणसाला भेटायला जाताना नाही. आणि पाणी त्याच सकाळचं होतं, अजून कोमट.

मी पिशवी मांडीवर घेतली. बाहेरच्या कप्प्यात गोळ्यांची पाकिटं होती. ह्या गोळ्याही मला माहीत होत्या. प्रयोगशाळेतल्या कुत्र्यांत आमचा कृमी रुजत नसे, पण त्याच्या नोंदवलेल्या भावंडांवरचं काम संपलं की ती मारायला आम्ही कुत्र्यांना त्याच द्यायचो. तीन दिवसांत कुत्रं साफ व्हायचं.

सर कागदात वडे घेऊन आले. दार उघडलं आणि माझ्या मांडीवरची पिशवी त्यांना दिसली. त्यांनी आधी मागं वळून आईकडे पाहिलं.

“खाली उतर जरा,” ते म्हणाले. “तिकडं बोलू.”

“इथंच बोला. कधी कळलं तुम्हाला?”

ते बसले. वड्यांचा कागद दोघांच्या मध्ये ठेवला. त्यावर तेल पसरत चाललं होतं. मग परीक्षेचा निकाल सांगावा तशा आवाजात बोलले.

“दिवाळीत. पहिल्याच डबीत. लॅबला द्यायच्या आधी मी एक थेंब न रंगवता पाहिला. सोनेरी, एका बाजूला झाकण, थोडं तिरकं. वसुधा, इतकं सुरेख अंडं मी आयुष्यात…” तिथं त्यांना स्वतःचंच बोलणं ऐकू आलं असावं, कारण ते थांबले.

डबी लॅबला पोचायची ती नंतर. तिथं काचेवर बेडका पातळ पसरून रंगवतात, तापवतात, आणि क्षयाचे जंतू शोधतात. त्यात ही अंडी टिकत नाहीत. सरांना ते माहीत होतं, मलाही माहीत होतं.

“औषध तुमच्याकडे होतं,” मी म्हटलं.

“होतं.”

“तीन दिवसांचं.”

“वसुधा, गोळ्या दिल्या की कृमी आतच मरून विरघळतो. अंड्यांवरून जात ठरत नाही, हे तुला मी सांगायचं का?” आता ते वळून माझ्याकडे बघत होते, आणि खरंच सांगते, त्यांच्या चेहऱ्यावर वर्गात असायचा तोच उत्साह होता. “जिवंत प्रौढ, माणसाच्या फुप्फुसातून. सर्जन तो भाग बाहेर काढणार, मी तिथं असणार. त्याच संध्याकाळी तुला गोळ्या सुरू करणार होतो, त्या तुझ्यासाठीच आणल्यात. तेवढ्या भागावाचून माणसाचं काही अडत नाही. आणि जातीला नाव तुझंच देणार होतो. शिवगणी. विचार कर, तुमच्या वाडीचं आडनाव जगभरच्या पुस्तकांत.”

आमच्या धंद्यात नव्या जातीला आपलं नाव मिळणं ह्यापरता मान नाही. वर्षभरापूर्वी हे कुणी म्हटलं असतं तर मी हवेत चालले असते. त्या क्षणी मी कप्प्यातून गोळ्यांचं पाकीट बाहेर काढलं. ज्या माणसाला मी बाप मानलं तो दिवाळीपासून माझ्याकडे, फियाट घेऊन ज्याच्यासाठी निघावं अशा एखाद्या उदमांजराकडे बघावं तसा बघत होता. माझे डोळे पिवळे होत होते तेव्हा बघत होता. आई पाया पडली तेव्हाही बघत होता. केसानं गळा कापतात म्हणतात ते मी ऐकून होते, त्या दिवशी कळलं की कापताना दुखतसुद्धा नाही, दुखतं ते नंतर.

एकच गोष्ट विचारायची राहिली होती.

“ओढ्यावर तुम्ही कधी डेंगा का नाही खाल्लात, सर?”

त्यांनी चष्मा काढला आणि रुमालानं पुसायला लागले. काचा स्वच्छच होत्या. पुसत राहिले. पित्ताचं नाव त्यांनी घेतलं नाही. म्हणजे पहिल्या डेंग्यापासून त्यांना ठाऊक होतं, की त्या जाळानं काही मरत नाही.

मागून आईचा आवाज आला. झोपली आहे असं आम्हाला वाटत होतं. “काय म्हनतायत गो मास्तर?”

मी तिला सांगितलं. जमेल तितक्या सोप्या शब्दांत. आई, मला क्षय नाही. मुठ्यातला किडा छातीत गेलाय. गोळ्यांनी तीन दिवसांत मरतो. कापायला नको. सरांना माहीत होतं, पण त्यांना तो किडा जिवंत हवा होता.

आई सरळ बसली. पदर नीट केला. “कवापासून म्हाईत व्हतं?”

“दिवाळीपासून.”

ती हळूच म्हणाली, “म्हंजे पाटन्यांनी नारळ परत धाडला त्याच्या आदीपासून.”

मार्गशीर्षात त्यांनी नुसतं तोंड उघडलं असतं तर माघात माझं लग्न झालं असतं.

मी पाकीट फाडलं. किती गोळ्या घ्यायच्या ते मला येत होतं, कुत्र्यांच्या वजनावरून मीच हिशेब करायची. गोळ्या मोठ्या होत्या. थर्मासचं झाकण पुन्हा भरलं आणि पहिली गोळी जिभेवर ठेवली. कडू जहर.

“थांब,” सर ओरडले. माझं मनगट त्यांनी धरलं. “थांब, वसुधा, एकच दिवस. उद्या सकाळपर्यंत. मरेल तो.”

इतक्या वर्षांत सरांचा आवाज असा फुटलेला मी ऐकला नव्हता. मी त्यांच्या टेबलापाशी रक्त खोकले होते तेव्हा नाही, नारळ परत आला तेव्हाही नाही. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या, खरंखुरं. मला वाईट याचं वाटलं की ते पाणी पाहून अजूनही माझं आतडं हललं. मग ते कुणासाठी आहे ते आठवलं. मी मनगट सोडवलं आणि त्यांनी पहाटे उठून केलेल्या कोमट मिठाच्या पाण्याबरोबर गोळी गिळली. मग दुसरी. सर सीटवर मागं टेकले आणि त्यांनी डोळे मिटले, घरात कुणी गेल्यावर मिटतात तसे.

आई खाली उतरली. आमची वळकटी आणि डबा तिनं बाहेर काढला. मग पुढं येऊन माझ्या बाजूनं दार उघडलं, माझ्या अंगावरून हात घातला आणि काचेखालचा नारळ उचलला.

“ह्यो आमचा हाय,” ती सरांना म्हणाली. आवाज चढवला नाही. एवढंच बोलली आणि मला हाताला धरून खाली घेतलं.

गोळ्यांची उरलेली पाकिटं माझ्या मुठीत होती. वडे तसेच राहिले. टपरीवाला बघत होता. खाली जाणारी एसटी यायला वेळ होता, तोवर आम्ही दोघी रस्त्याच्या कडेला दगडावर बसलो. सरांची गाडी बरीच उशिरा निघाली. घाटाखाली गेली की वर, मी पाहिलं नाही.

डोकं गरगरत होतं, ते गोळ्यांनी होतंच. पण तीन दिवस मी त्या चुकवल्या नाहीत. घाटावरच्या डॉक्टरांना नंतर मी स्वतः जाऊन सगळं सांगितलं, माझाच बेडका दाखवला, न रंगवता. त्यांनी कपाळाला हात लावला. पावसाळ्याच्या आत डाग गेला. आज माझी दोन्ही फुप्फुसं जागेवर आहेत आणि जिने चढताना माझ्याहून तरुण बायकांना मी मागं टाकते. संशोधन सोडलं. पुढं सरकारी प्रयोगशाळेत आयुष्य काढलं. तिथं येणाऱ्या प्रत्येक बेडक्याचा एक थेंब मी आधी न रंगवता बघायची आणि हाताखालची मुलं मला हसायची. त्यांना कधी कारण सांगितलं नाही. सर मानानं निवृत्त झाले. जात त्यांना ठरवता आली नाही. आमच्या ओढ्यातला तो किडा माझ्या माहितीप्रमाणे अजून बिननावाचाच आहे, आणि मला त्याचं वाईट वाटत नाही.

पण त्या दिवशीचं राहिलं.

एसटी संध्याकाळी वाडीच्या फाट्यावर उतरवून गेली. मला वाटलं आई घरी जाईल. ती सरळ देवळाकडे वळली. शिमगा संपलेला, पालखी आत ठेवलेली, देऊळ रिकामं. गुरव शेतावर गेला होता. आईनं नारळ पायरीवर ठेवला आणि डोक्यावर पदर घेतला. आमच्याकडे बायका गाऱ्हाणं घालत नाहीत. गुरव घालतो, नाहीतर मानकरी, आणि मागून गाव होकार देतो. आई कधी चारचौघांत मोठ्यानं बोलली नव्हती. ती देवासमोर उभी राहिली आणि गुरवाच्याच चालीत म्हणाली,

“बा देवा म्हाराजा, शिमग्यात तुज्याकडं त्या मास्तराच्या हाताला यश मागितलं व्हतं. ते मागनं मी परत घेतंय. मानूस वळकायला माजी चूक झाली.”

मग ती थांबली. गाऱ्हाणं असं अर्ध्यावर सोडता येत नाही, मागून होकार यावा लागतो. तिथं दुसरं कुणी नव्हतं.

मी छातीत मावेल तेवढा श्वास घेतला, खोकला आला तो दाबला, आणि ‘व्हय म्हाराजा’ म्हटलं.